ख्रिस्ती श्रद्धा आणि जागतिक विकासकार्याला पाठबळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगाच्या विकासकार्याचा ख्रिस्ती श्रद्धेशी संबंध काय?

शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव सर्वप्रथम अंत्युखियात मिळाले, असे प्रेषितांची कृत्ये या बायबलमधल्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात म्हटले आहे. त्याच्या लगेच पुढच्या ओळींत काय येते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. अगब नावाचा संदेष्टा मोठा दुष्काळ पडणार असल्याचे सांगतो आणि ही नवखी मंडळी, ज्याची जशी ऐपत तशी रक्कम काढून, बर्णबा आणि शौल (पुढे पौल या नावाने ओळखला गेलेला प्रेषित) यांच्या हाती यहूदीयातील बांधवांकडे पाठवते. यरुशलेम तिथून कित्येक दिवसांच्या वाटेवर होते आणि अंत्युखियातील अनेकांनी ते कधी पाहिलेही नसेल. तरीही ज्या पानावर हे नाव आले, त्याच पानावर दूरच्या माणसांच्या भुकेची काळजी आली.

याची मुळे त्याहूनही जुनी आहेत. लेवीय पुस्तकातील नियमानुसार कापणी करताना शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत विळा चालवायचा नसे, खाली पडलेला सरवा वेचायचा नसे आणि द्राक्षमळ्यात गळालेली फळे उचलायची नसत. ती गोरगरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राखलेली असत. या नियमातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. मालकाने सगळे धान्य घरी आणावे आणि मग दारात आलेल्याला त्यातले मूठभर घालावे, असे तिथे सांगितलेले नाही. शेताची कड मुळातच त्याच्या एकट्याची नव्हती. रूथ ही विधवा, तीही परक्या देशातून आलेली. ती बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, तेव्हा तिने कुणापुढे हात पसरला नाही. नियमाने तिच्यासाठी सोडलेले धान्य तिने दिवसभर वाकून, स्वतःच्या कष्टाने गोळा केले आणि संध्याकाळी झोडून घरी नेले.

इथे ‘विकास’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा?

गावाजवळ पिण्याचे स्वच्छ पाणी असणे, बाळंतपणात आई न दगावणे, मुलीची शाळा मध्येच न सुटणे, लहान शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर भरवसा ठेवून पुढचे पीक घेता येणे, हा त्याचा अर्थ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी २०१५ मध्ये २०३० सालापर्यंतची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे मान्य केली आणि त्यांपैकी पहिली दोन गरिबी व भूक यांविषयी आहेत. कॅथलिक परंपरेत पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये विकास याच विषयावर परिपत्रक काढले आणि आर्थिक वाढ म्हणजे विकास नव्हे, संपूर्ण माणसाची आणि प्रत्येक माणसाची वाढ म्हणजे विकास, अशी भूमिका त्यात मांडली.

‘गरीब तर सदैव तुमच्याजवळ आहेत’ असे येशूनेच म्हटले आहे. मग गरिबी हटवण्याचा खटाटोप कशासाठी?

हा प्रश्न फार वेळा येतो आणि दरवेळी ते वाक्य अर्धेच उद्धृत केलेले असते. येशू ज्यांच्याशी बोलत होता, त्यांना नियमशास्त्र पाठ होते. हे शब्द अनुवाद या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातले आहेत, हे त्यांना सांगावे लागले नसते. देशात गरीब कायम असतील, असे तिथे म्हटले आहे आणि लागलीच, म्हणून आपला हात त्यांच्यासाठी सढळ ठेव, अशी आज्ञा दिली आहे. त्याच अध्यायात थोडे वर, तुमच्यात कुणी गरीब असूच नये, असेही वचन आहे. दर सातव्या वर्षी कर्जे माफ करण्याचा नियमही तिथलाच आहे. आता सातवे वर्ष जवळ आले, पैसे बुडतील, असा हिशेब मनात करून गरजू भावाला कर्ज नाकारू नको, इतक्या बारकाईने त्या अध्यायाने माणसाचा स्वार्थ ओळखला आहे. असा अध्याय हात आखडता घेण्यासाठी वापरणे म्हणजे त्याचा अर्थच उलटा करणे होय.

दानधर्म पुरेसा नाही का? न्यायाची भाषा कशाला?

दानधर्म हवाच. जखमी माणसाला उचलून धर्मशाळेत नेणारा आणि त्याच्या खर्चाची सोय करणारा शोमरोनी, म्हणजे यहूद्यांनी परका मानलेल्या समाजातला माणूस, येशूने आपल्यापुढे ठेवला, तो उगाच नाही. परंतु त्याच वाटेवर रोज कुणी ना कुणी लुटला जात असेल, तर त्या वाटेचे काय करायचे, हा प्रश्न कधी तरी विचारावाच लागतो. संदेष्ट्यांनी तो विचारला. दीनदुबळ्यांचा न्याय करणे हेच देवाला ओळखणे आहे, असे यिर्मया राजाला बजावतो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास कोणता हे सांगताना दुष्टतेच्या बेड्या तोडण्याचा उल्लेख आधी येतो आणि भुकेल्याला अन्न देण्याचा नंतर.

याचे अलीकडचे उत्तम उदाहरण गरीब देशांच्या कर्जमुक्तीच्या चळवळीचे आहे. दर पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि गुलाम मोकळे व्हावेत, असे लेवीय पुस्तकाचे योबेल वर्ष सांगते. या कल्पनेवरून ‘ज्युबिली २०००’ ही मोहीम उभी राहिली. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅममध्ये बलाढ्य राष्ट्रांचे प्रमुख जमले असताना सुमारे ७० हजार लोकांनी हातात हात धरून शहराच्या मध्यभागाभोवती साखळी केली. त्यांत पाळक होते, धर्मभगिनी होत्या, बसने आलेली साधी माणसे होती. मोहिमेच्या मागणीपत्रावर जगभरातून सुमारे २ कोटी ४० लाख सह्या झाल्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली कर्जसवलत योजना १९९९ मध्ये विस्तारली गेली, त्यामागे या दबावाचा मोठा वाटा होता. पुढे ३७ देशांना १०० अब्ज डॉलरहून अधिक सवलत मिळाली. व्याजापोटी जाणारा पैसा काही देशांत शाळांची फी रद्द करण्यासाठी वापरता आला. कर्जाचे ओझे आज पुन्हा वाढले आहे, म्हणूनच २०२५ या कॅथलिक योबेल वर्षाच्या प्रारंभी पोप फ्रान्सिस यांनी श्रीमंत देशांना गरीब देशांची कर्जे माफ करण्याचे आवाहन पुन्हा केले.

आपल्या जवळ गरजू असताना दूरच्या अनोळखी माणसांना का द्यावे?

जवळच्यांना डावलून दूरच्यांना द्यावे, असे कुणीच म्हणत नाही. पौल तर आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला कठोर शब्दांत सुनावतो. तरीही पौलाने आपल्या आयुष्यातली कित्येक वर्षे एका वर्गणीसाठी खर्च केली आणि ती वर्गणी समुद्रापलीकडच्या लोकांसाठी होती. मासेदोनिया, अखया आणि गलतिया इथल्या मंडळ्यांकडून, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायांकडून, यरुशलेममधील गरिबांसाठी तो पैसे गोळा करत होता. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन अध्याय सर्वस्वी या एका विषयाला वाहिलेले आहेत. जागतिक विकासकार्याबद्दल ख्रिस्ती माणसाने एकच मजकूर वाचायचा असेल, तर मी हे दोन अध्याय सुचवीन.

त्यांत काय दिसते? मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कमालीच्या दारिद्र्यात होत्या, पण आम्हालाही या सेवेत भाग घेऊ द्या, अशी त्यांनीच गळ घातली. करिंथकरांनी वर्षभरापूर्वी उत्साहाने सुरुवात केली होती आणि मग ते रेंगाळले. पौल त्यांना हुकूम देत नाही, मात्र हाती घेतलेले पुरे करा, असे स्पष्ट सांगतो. इतरांना आराम आणि तुम्हाला ओढाताण व्हावी असा हेतू नाही, समानता व्हावी असा आहे. आज तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरावी आणि उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची. रानात मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, गोळा करताना ज्याने फार गोळा केला त्याला जास्त झाला नाही आणि ज्याने थोडा केला त्याला कमी पडला नाही, याची आठवण तो यासाठीच करून देतो. देणारा वरचा आणि घेणारा खालचा, ही मांडणी या पत्रात कुठेही सापडत नाही. रोमकरांना लिहिताना पौल आणखी पुढे जातो: यरुशलेमच्या आत्मिक ठेव्यात इतरांना वाटा मिळाला आहे, म्हणून ते त्यांचे ऋणीच आहेत.

किती द्यावे? दशांश पुरे का?

नव्या करारात आकडा ठरवून दिलेला नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, अशी पौलाची व्यावहारिक सूचना आहे आणि ती आजही उत्तम आहे, कारण ठरवून, नियमाने दिलेल्या थोड्या रकमेवर संस्थांना पुढच्या वर्षाचे काम आखता येते. ज्यांना दशांश ही चांगली सुरुवात वाटते, त्यांनी तिथून सुरुवात करावी. ज्यांच्या घरात आज खाण्याचीच भ्रांत आहे, त्यांच्यावर हे ओझे कुणीही टाकू नये, पाळकाने तर मुळीच नाही.

मदत हे धर्मांतराचे साधन आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर काय?

आक्षेप गंभीर आहे आणि जिथे तो खरा ठरतो, तिथे त्याची लाज वाटली पाहिजे. भुकेल्यापुढे अन्नाबरोबर अट ठेवणे हा त्याच्या भुकेचा गैरफायदा आहे आणि अशा सक्तीतून आलेल्या होकाराला श्रद्धा म्हणता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. त्यांपैकी एकच परत येऊन देवाचे गौरव करू लागला आणि तोही शोमरोनी होता. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशूने विचारले खरे, पण त्यांचे बरे होणे काढून घेतले नाही.

या बाबतीत लेखी बंधनही आहे. आपत्तीनिवारण करणाऱ्या संस्थांसाठी १९९४ मध्ये आचारसंहिता तयार झाली. मदत फक्त गरज पाहून दिली जाईल आणि ती विशिष्ट राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी वापरली जाणार नाही, हे तिचे तत्त्व आहे. ती पुरस्कृत करणाऱ्यांत रेडक्रॉसबरोबर कॅरिटास इंटरनॅशनालिस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि चर्चेसची जागतिक परिषद याही होत्या. म्हणजे ख्रिस्ती संस्थांनी हे बंधन स्वतः घालून घेतले आहे. आपण ज्या संस्थेला देतो ती ते पाळते का, हे विचारण्याचा प्रत्येक देणगीदाराला अधिकार आहे.

मग सुवार्ता सांगणे आणि समाजकार्य यांपैकी महत्त्वाचे कोणते?

या दोहोंत निवड करायला लावणारा प्रश्नच चुकीचा आहे, हे मान्य करायला सुवार्तावादी (इव्हँजेलिकल) मंडळ्यांना बराच काळ लागला. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जमलेल्या जागतिक परिषदेने आपल्या करारनाम्यात, आपण सामाजिक जबाबदारीकडे दुर्लक्ष केले आणि कधी कधी ही दोन कामे परस्परविरोधी मानली, याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. याकोबाचे पत्र हेच फार थोडक्यात सांगते: उघड्याला आणि भुकेल्याला नुसते ‘सुखाने जा, ऊब घ्या’ म्हणून काय उपयोग?

मंडळ्यांच्या जुन्या इतिहासाचे काय? वसाहतींच्या काळात त्या कुठे होत्या?

कधी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांत होत्या आणि कधी गुलामांच्या मालकांत होत्या. बार्बाडोस बेटावरील कॉडरिंग्टन ऊसमळे अठराव्या शतकात इंग्लंडच्या मंडळीच्या सुवार्ताप्रसारक संस्थेच्या मालकीचे होते. तिथल्या गुलामांच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागलेला असे. या सहभागाबद्दल इंग्लंडच्या मंडळीच्या महासभेने २००६ मध्ये क्षमा मागितली. हे विसरून विकासाच्या गप्पा मारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आजच्या दारिद्र्यातला काही भाग त्या लुटीतून आला आहे, तेव्हा मदतीला उपकार म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. जक्कय या जकातदाराने आधी लुटलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली आणि मगच, आज या घराला तारण मिळाले, असे येशूने म्हटले.

मदतीने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि कुठे पडत नाही तेही पाहिले पाहिजे. पाचव्या वाढदिवसाआधी दगावणाऱ्या मुलांची संख्या १९९० मध्ये वर्षाला सुमारे सव्वा कोटी होती आणि २०२२ मध्ये ती ४९ लाखांवर आली. यात त्या त्या देशांची स्वतःची मेहनत सर्वांत मोठी आहे. लसी, मच्छरदाण्या आणि जलसंजीवनी यांना मिळालेल्या बाहेरच्या पाठबळाचाही वाटा आहे. ४९ लाख हा आकडा अजूनही काळीज चिरणारा आहे.

नारूचे उदाहरण मला विशेष जवळचे वाटते. दूषित पाण्यातून पोटात गेलेला हा जंत वर्षभराने पायावरच्या फोडातून बाहेर डोकावतो. तो हिसका देऊन ओढता येत नाही, कारण आत तुटला तर जखम चिघळते. म्हणून बारीक काडीभोवती रोज थोडा थोडा गुंडाळत त्याला बाहेर काढतात आणि हे आठवडे आठवडे चालते. ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस पाय धरून बसलेला असतो. या रोगावर लस नाही आणि औषधही नाही. उपाय एवढाच, की पाणी बारीक विणीच्या कापडातून गाळून प्यावे आणि फोड झालेल्याने तळ्यात पाय बुडवू नये. १९८६ मध्ये २१ देशांत मिळून वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२४ मध्ये साऱ्या जगात १५ रुग्ण आढळले. या मोहिमेची धुरा वाहणारे जिमी कार्टर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष होते आणि उतारवयातही आपल्या बाप्टिस्ट मंडळीत रविवारच्या शाळेचा वर्ग घेत. हे काम इथवर आले ते मात्र गावोगावी घराघरांत जाऊन गाळणीचे कापड तपासणाऱ्या स्वयंसेवकांमुळे, आणि त्यांची नावे कुठेही छापून आलेली नाहीत.

आता दुसरी बाजू. परक्या पैशातून गावात हातपंप बसतो, उद्‌घाटन होते, दात्यांची पाटी लागते. दोन पावसाळ्यांनंतर आतला वॉशर झिजतो. तो कुठे मिळतो हे कुणाला माहीत नसते, बदलायला कुणी शिकवलेले नसते आणि त्यासाठी पैसे जमवायचा गावाचा काही रिवाजही बसलेला नसतो. दांडा वरखाली होतो, पाणी येत नाही, आणि बाया पुन्हा जुन्या तळ्याची वाट धरतात. पाटी तेवढी तशीच राहते. कार्यक्रम ठरवताना गावाला विचारले होते का, दुरुस्तीची जबाबदारी कुणावर सोपवली होती, या दोन प्रश्नांवर असा हातपंप जगतो किंवा मरतो.

मदतीने लोक परावलंबी होत नाहीत का?

चुकीच्या मदतीने होतात. बाहेरून फुकट धान्याचे ढीग येऊन पडले की शेजारच्या शेतकऱ्याचा माल विकला जात नाही, आणि दुष्काळ सरल्यावरही हे चालू राहिले तर त्याची शेतीच बसते. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी वस्तूंऐवजी रोख रक्कम दिली जाते. ती कुठे वापरायची हे कुटुंब ठरवते आणि पैसा तिथल्याच बाजारात फिरतो. गरिबांच्या हाती पैसा दिला तर ते उधळतील, हा समज मला अपमानकारक वाटतो.

संस्था कशी निवडावी?

यासाठीही पौलाकडेच वळावे लागते. ही मोठी वर्गणी त्याने एकट्याने नेली नाही. तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले बांधव पाठवले आणि त्याचे कारणही लिहून ठेवले: या कामात कुणाला दोष काढता येऊ नये आणि जे योग्य ते देवाच्या दृष्टीने तसेच माणसांच्या दृष्टीनेही योग्य असावे. इतका मोठा प्रेषित हिशेबासाठी साक्षीदार बरोबर घेतो, तेव्हा कुठल्याही ख्रिस्ती संस्थेला ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ एवढेच म्हणून चालणार नाही. लेखापरीक्षण झालेले हिशेब खुले आहेत का, स्थानिक माणसे निर्णयात आहेत का, तक्रार कुठे करायची हे लाभार्थ्यांना माहीत आहे का, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम लेखी आहेत का आणि फसलेल्या कामांबद्दल संस्था मोकळेपणाने बोलते का, हे पाहावे.

प्रशासनावरचा खर्च जितका कमी तितकी संस्था चांगली, असे मात्र समजू नये. हिशेबनीस, देखरेख आणि प्रशिक्षण यांना पैसा लागतो. वॉशर बदलायला शिकवणाऱ्याचा पगारही याच खात्यात मोडतो.

सरकारांच्या परदेशी मदतीबद्दल मंडळीने बोलणे म्हणजे राजकारण नव्हे का?

पक्षाचा प्रचार करणे आणि मुक्यांसाठी तोंड उघडणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्या गोष्टीची नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात आज्ञाच आहे. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा गरीब देशांना द्यावा, हा विचारच मुळात मंडळ्यांनी लावून धरलेला आहे. चर्चेसच्या जागतिक परिषदेने १९५८ मध्ये १ टक्क्याचे लक्ष्य सुचवले. बऱ्याच चर्चेनंतर १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सरकारी मदतीसाठी ०.७ टक्के हे प्रमाण ठरावात आणले. अर्धशतक उलटले तरी ते गाठणारे देश बोटांवर मोजण्याइतके आहेत. २०२४ मध्ये नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क यांनी ते गाठले, तर सर्व प्रमुख देणाऱ्या देशांचे एकत्रित प्रमाण ०.३३ टक्के होते. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली विकासमदत संस्था ‘यूएसएड’ बंद केली आणि ब्रिटननेही कपात जाहीर केली. अशा वेळी लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणे हाही अर्पणाचाच एक प्रकार आहे.

हवामान बदलाचा यात समावेश होतो का?

होतो. ज्यांनी हवेत सर्वांत कमी धूर सोडला, त्यांचीच पिके आधी करपतात आणि त्यांचीच घरे आधी वाहून जातात. बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी देवाने माणसाला तिथे ठेवले, असे उत्पत्तीचा दुसरा अध्याय सांगतो. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे, हे पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रकाचे सूत्र होते.

इतर धर्मांच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या लोकांबरोबर काम करावे का?

निःसंकोच करावे. बंदिवान म्हणून बाबेलला नेलेल्या लोकांना, त्या परक्या नगराचेच हित साधा, असे यिर्मयाने पत्राने कळवले होते.

आमची मंडळी लहान आहे. सुरुवात कुठून करावी?

एक देश आणि एक काम निवडावे आणि किमान तीन वर्षे ते सोडू नये. वर्षातून एका रविवारी तिथल्याच माणसाचे पत्र उपासनेत वाचून दाखवावे. त्यात अडचणी आणि अपयश असेल, तर तेही गाळू नये. प्रार्थना करताना ‘जगातील सर्व गरीब’ असे मोघम न म्हणता त्या गावाचे, त्या नदीचे, त्या दवाखान्याचे नाव घ्यावे. भिंतीवर छायाचित्र लावायचे असेल, तर रडणाऱ्या, माशा बसलेल्या चेहऱ्याचे लावू नये. आपल्या घरातल्या मुलाचे जे छायाचित्र आपण चारचौघांत लावणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाचेही लावू नये. तोही देवाच्या प्रतिरूपाचाच आहे, आणि त्याच्या आईची परवानगी घेतली होती का, हे आधी विचारावे. तिथल्या मंडळीला, आम्ही तुमच्यासाठी काय करू, असे विचारताना, तुम्ही आमच्यासाठी कशाची प्रार्थना कराल, असेही लिहावे आणि उत्तर आल्यावर ते अर्पणाच्या आधी वाचावे.